कालची गाडी कोणची?

१

गेली तीसएक वर्षे मी फिरताना वाहनांची छायाचित्रे काढतो आहे. नोकरी बँकेची आणि बदल्यांची. त्यामुळे एसटी, पॅसेंजर गाडी, वडाप, तर, होडी असे सगळे आयतेच समोर येत गेले. छंदाला विषय शोधावा लागला नाही. या सगळ्या संग्रहात कौतुक झालेले छायाचित्र मात्र एकच आहे. २०१९ च्या जानेवारीत मिरजेजवळ ते मी काढले. वर महामार्गाचा नवा उड्डाणपूल आणि त्यावरून नव्या कोऱ्या मोटारी लादून चाललेला लांबलचक ट्रेलर. खाली धुक्यात, सेवारस्त्याने, उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्यांची रांग. पुढच्या गाडीवर मफलर गुंडाळलेला गाडीवान. छायाचित्राला मी शीर्षक दिले ‘काल आणि आज’. जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांनी ‘एका चौकटीत दोन युगे’ असा शेरा मारला, आणि तो मी बरेच दिवस मिरवला.

पुढच्या हंगामात त्याच गाडीवानाला एक प्रत द्यावी म्हणून मी कारखान्याच्या आवारात गेलो. तो भेटला. माणूस बीडकडचा, चाळिशीचा. बायको कोपीसमोर भाकऱ्या थापत होती. त्याने छायाचित्र हातात घेऊन आधी बैल पाहिले. मग स्वतःला पाहिले. खाली छापलेले शीर्षक त्याने वाचले आणि मला विचारले, “साहेब, ह्याच्यातली कालची गाडी कोणची?”

मी सांगितले, खालची काल, वरची आज. तो हसला. म्हणाला, “गाडी कारखान्याची हाय, हंगामापुरती भाड्यानं दिलेली. टायर बघा, ट्रकचं हाय. आत बेरिंग हाय. बैल तेवढे माझे, ते बी उचल घेऊन घेतलेले. मी त्या दिशी पहाटं तीनला निघालो होतो. तो वरचा कधी निघाला, कोण जाणे.”

मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. माझ्या छायाचित्रात काय चुकले हे तपासताना ध्यानात आले, की चूक माझ्या एकट्याची नव्हती. जुने आणि नवे वाहन शेजारी ठेवणारी ही चौकट छायाचित्रकलेत फार जुनी आहे. नामवंतांनी ती वापरली आहे आणि आपणा प्रेक्षकांना तिची इतकी सवय झाली आहे, की ती काय करते याकडे आपण पाहतच नाही.

२

ती काय करते? छायाचित्रात शटर उघडते आणि मिटते. माझ्या त्या सकाळच्या चित्रात हा अवधी सेकंदाचा अडीचशेवा भाग होता. तेवढ्या क्षणात जे जे समोर होते ते सगळे एकाच काळातले होते, याचा छायाचित्र हा पुरावाच असतो. चित्रकार कल्पनेने शिवकाळातला रथ आणि विमान शेजारी रंगवू शकतो. छायाचित्रकाराला ती मुभा नाही. आणि तरीही नेमक्या याच माध्यमात आपण बैलगाडी पाहिली की तिला शंभर वर्षे मागे ढकलतो. पुरावा समकालीनतेचा आणि वाचन मात्र कालांतराचे, अशी ही गंमत आहे.

मानववंशशास्त्रज्ञ योहानेस फाबियन यांनी १९८३ मध्ये ‘टाइम अँड द अदर’ या पुस्तकात आपल्याच विद्याशाखेवर असा आरोप केला होता. अभ्यासक ज्या लोकांमध्ये राहतो, ज्यांच्याशी बोलतो, त्यांच्याविषयी लिहिताना मात्र त्यांना भूतकाळात नेऊन बसवतो. फाबियन याला समकालीनतेचा नकार म्हणतात. मिरजेच्या सेवारस्त्यावर मी नेमके तेच केले. तेथला गाडीवान माझ्यासारखाच २०१९ मध्ये जगत होता. त्याच्या गाडीखालचे हवेचे टायर १८८८ नंतरच्या जगातले, कारखाना सहकारी चळवळीनंतरचा आणि त्याचे कर्ज तर चालू हंगामातले. पण मी त्याला ‘काल’ म्हटले, आणि एकदा काल म्हटले की पुढचे प्रश्न आपोआप बंद होतात. कालच्या माणसाची मजुरी किती, त्याची उचल फिटली का, असे कोणी विचारत नाही.

या चौकटीचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८१ चे आहे. ‘अ‍ॅपल’ या भारतीय दळणवळण उपग्रहाचे बैलगाडीवर ठेवलेले छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. लाकडी गाडी, बैल आणि वर चमकणारा उपग्रह. चार दशके हे चित्र दोन प्रकारे वाचले गेले. एक वाचन अभिमानाचे: पाहा, एवढ्या गरिबीतून आपण कुठे पोचलो. दुसरे उपहासाचे: पाहा, उपग्रह उडवतात आणि वाहून न्यायला ट्रक नाही. दोन्ही वाचनांत बैलगाडी म्हणजे नाइलाज. वस्तुस्थिती वेगळी आहे. उपग्रहाच्या अँटेनाची उघड्या मैदानात चाचणी घ्यायची होती. धातूच्या ट्रकवर ठेवला असता तर त्या धातूमुळे चाचणीत गडबड झाली असती. त्यासाठी अचुंबकीय, बिनधातूचे वाहन हवे होते आणि लाकडी बैलगाडी त्या कामाला योग्य ठरली. म्हणजे त्या दिवशी त्या मैदानात बैलगाडी हे मागे पडलेले वाहन नव्हते. ते त्या कामासाठी निवडलेले उपकरण होते. पुढे १९ जून १९८१ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कुरू येथून एरियन अग्निबाणाने अ‍ॅपल अवकाशात गेला.

ही माहिती कळल्यावर छायाचित्रात एका रेषेचाही फरक पडत नाही. पण आपण ते पुन्हा पूर्वीसारखे पाहू शकत नाही. समीक्षेच्या दृष्टीने मला हे महत्त्वाचे वाटते. जुन्या-नव्याची चौकट खोटे बोलत नाही, ती फक्त कारण गाळते. बैलगाडी तिथे का आहे, हे ती सांगत नाही, आणि कारण गाळले की उरते ते युगांचे नाट्य.

याच्या आधी १९६६ मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ थुंब्याला गेले होते. सायकलच्या कॅरियरवर ठेवलेला रॉकेटचा पुढचा शंकू त्यांनी टिपला. थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले होते २१ नोव्हेंबर १९६३ ला, आणि केंद्राचे काम सुरुवातीला तिथल्या चर्चच्या इमारतीतून चालत होते. कार्तिए-ब्रेसाँच्या चित्रात मला सायकलीची कीव दिसत नाही. काम चालू आहे, एवढेच दिसते. पण त्या चित्राचे पुढे जे झाले ते त्यांच्या हातात नव्हते. आज ते अ‍ॅपलच्या छायाचित्राला जोडून, ‘तेव्हा आणि आता’ अशा मथळ्याखाली फिरत असते.

या चौकटीचे दुसरे टोक २०१४ मध्ये दिसले. मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक व्यंगचित्र छापले. त्यात गाय घेऊन आलेला भारतीय शेतकरी अवकाशातल्या प्रतिष्ठितांच्या क्लबचे दार ठोठावतो आहे. टीका झाली आणि वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. त्या वेळी आपण सगळे रागावलो, मीही रागावलो. आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या व्यंगचित्रकाराने वापरलेली भाषा आपणच कौतुकाने वापरत आलो होतो. गाय आणि यान, बैलगाडी आणि ट्रेलर. फरक एवढाच, की माझ्या चित्रात हसणारे परके नव्हते.

३

ही चौकट केवळ भारताविषयी किंवा गरीब देशांविषयी वापरली जाते असे मात्र नाही. तसे म्हटले तर विषय सोपा होतो आणि चुकतो.

आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे ‘द टर्मिनल’ हे छायाचित्र १८९३ चे, न्यूयॉर्कमधले आहे. बर्फ पडलेला आहे. ट्रामचे घोडे थकून वाफाळत आहेत आणि चालक त्यांची देखभाल करतो आहे. आपण आज ते पाहतो ते जुन्या वाहनाचे चित्र म्हणून. स्टिग्लिट्झ यांच्यासाठी ते त्या दिवशीचे वाहन होते. शिवाय घोडे ज्यावर ट्राम ओढत होते ते लोखंडी रूळ होते. प्राणी आणि रूळ, म्हणजे आपण ज्याला जुने आणि नवे म्हणतो ते दोन्ही त्या एकाच वाहनात होते. त्यांनी नऊ वर्षांनी, १९०२ मध्ये, धूर ओकत येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचे चित्र काढले आणि त्याला ‘द हँड ऑफ मॅन’, माणसाचा हात, असे नाव दिले. यंत्राच्या चित्राला हे नाव देणारा माणूस यंत्र आणि माणूस यांच्यात युगांची भिंत घालत नव्हता.

याउलट ओ. विन्स्टन लिंक. अमेरिकेतली नॉरफोक अँड वेस्टर्न ही मोठ्या रेल्वे कंपन्यांपैकी वाफेवर चालणारी शेवटची कंपनी. १९५५ पासून पाच वर्षे लिंक यांनी तिची इंजिने बहुतांशी रात्री, शेकडो फ्लॅशबल्ब लावून टिपली. १९६० मध्ये तिथली वाफ संपली. त्यांचे ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे १९५६ चे छायाचित्र जगभर गाजले. वेस्ट व्हर्जिनियातले उघड्यावरचे चित्रपटगृह, मोटारींत बसून सिनेमा पाहणारे लोक, पुढच्या मोटारीत एक जोडपे, पडद्यावर जेट विमान आणि पलीकडून वाफ सोडत जाणारी मालगाडी. आगगाडी, मोटार, विमान: वाहतुकीची तीन युगे एका चौकटीत. आता यातली मेख पाहा. एवढ्या फ्लॅशच्या प्रकाशात पडद्यावरची प्रतिमा टिकणे शक्य नव्हते, पडदा पांढरा फटक पडला. विमान लिंक यांनी नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून जोडले. जोडपेही त्यांनीच बसवले होते.

लिंक यांना मी लबाड म्हणत नाही. त्यांनी अजोड काम केले आहे, आणि त्यांच्या चित्रांत इंजिनांइतकीच स्टेशनमास्तर, फाटकवाले, रुळांकाठची घरे यांची नोंद आहे. मला सांगायचे ते इतकेच, की तीन युगे एका क्षणी एकत्र आली, हा या चौकटीचा मुख्य दावा तिच्या सर्वांत प्रसिद्ध नमुन्यात अंधारखोलीत तयार झालेला आहे. आणि तिथे ‘काल’ म्हणून उभी आहे ती आगगाडी. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत तीच ‘उद्या’ होती. म्हणजे जुनेपण वाहनाच्या अंगी नसते. शेजारी काय उभे केले त्यावर ते ठरते.

आपल्याकडे स्टीव्ह मॅकरी यांचे १९८३ चे आग्र्याचे छायाचित्र असेच वाचले जाते. पुढे वाफेचे इंजिन, मागे ताजमहाल. परदेशी प्रेक्षकाला तिथे दोन भूतकाळ एकावर एक रचलेले दिसतात. पण चित्तरंजनच्या कारखान्यात मोठ्या रुळांसाठीचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बनले. त्याचे नावच ‘अंतिम सितारा’ ठेवले होते. मीटरगेजची इंजिने १९७२ पर्यंत बनत होती. म्हणजे मॅकरी आग्र्याला गेले तेव्हा देशातली कितीतरी वाफेची इंजिने जेमतेम पंधरा-वीस वर्षांची, ऐन उमेदीतली होती. त्यांच्यावर कोळसा ओढणारा फायरमन पगारावर होता आणि त्याच गाडीने लोक कचेरीत वेळेवर पोचत होते.

४

वाहनांच्या छायाचित्रात एक वाहन बहुधा दिसत नाही, ते म्हणजे छायाचित्रकाराचे. मिरजेत मी माझ्या मोटारीने गेलो होतो. ती चौकटीबाहेर उभी होती, इंजिन चालू ठेवून, कारण थंडी होती. ट्रेलर आणि बैलगाडी यांच्यामध्ये एक तिसरे वाहन होते, आणि काल कोण व आज कोण हे त्या वाहनातून उतरलेल्या माणसाने ठरवले होते.

वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी १९७७ मध्ये रेल्वेप्रवासाचा इतिहास लिहिताना एक मुद्दा मांडला. आगगाडीने माणसाची नजर बदलली. जवळचे धूसर पळू लागले, दूरचे सरकत्या देखाव्यासारखे दिसू लागले आणि प्रवासी त्या प्रदेशातून जात असूनही प्रदेशाबाहेर बसू लागला. प्रवासात कॅमेरा घेऊन निघालेल्या आपणा सर्वांना ही खिडकी वारशाने मिळाली आहे. आपण जे टिपतो ते बहुधा खिडकीबाहेरचे असते, खिडकी नव्हे.

खिडकी टिपणारा एक मोठा छायाचित्रकार आपल्याकडे होऊन गेला. रघुवीर सिंग जयपूरचे. जन्म १९४२, मृत्यू १९९९. त्यांचे ‘अ वे इन्टू इंडिया’ हे पुस्तक मृत्यूनंतर २००२ मध्ये आले. त्याचा नायक आहे अ‍ॅम्बॅसिडर मोटार. पुस्तकातली मोटार केवळ समोर उभी नसते, अनेकदा आपण तिच्या आतून बाहेर पाहतो. दाराची कड, काचेची चौकट, आरसा, यांनी चित्राचे तुकडे पडतात. एका तुकड्यात रस्ता, दुसऱ्यात माणसे, तिसऱ्यात मागे राहिलेले दृश्य. पाहणारा कुठे बसला आहे हे लपवलेले नाही. त्यामुळे बाहेरचा सायकलवाला किंवा पायी जाणारा ‘मागासलेला’ वाटत नाही. तो फक्त काचेच्या पलीकडे आहे, आणि काच आपली आहे.

या पुस्तकाच्या बाबतीत काळानेही एक प्रयोग केला. रघुवीर सिंग गेले तेव्हा अ‍ॅम्बॅसिडर कारखान्यातून रोज बाहेर पडत होती. २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे उत्पादन थांबले. तेव्हापासून तीच चित्रे लोक हळवेपणाने पाहू लागले. चित्रे बदलली नाहीत, पण काल आपली मोटार होती ती आज ‘जुनी’ झाली. मला वाटते, हे पुस्तक त्या हळवेपणातूनही तगते, कारण त्यात मोटार ही आठवण म्हणून आलेली नसून पाहण्याचे साधन म्हणून आलेली आहे.

याच संदर्भात अ‍ॅलिस ट्रेडवेल यांची आठवण होते. बोरघाटातल्या रेल्वेचे कंत्राट घेतलेले त्यांचे पती सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. अ‍ॅलिसबाईंनी कंत्राट सोडले नाही. १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि त्या कामाची छायाचित्रेही त्यांनी काढली. त्या काळच्या बांधकामाच्या छायाचित्रांत मजूर अनेकदा मापासाठी उभे केलेले असत. कमान किती उंच आहे ते कळावे म्हणून माणूस. घाटात हजारो मजूर रोगराईने आणि अपघाताने मेले. नव्या युगाच्या चित्रात माणूस फूटपट्टी झाला होता, तसाच माझ्या चित्रात तो घड्याळाचा काटा झाला. दोन्हीकडे तो कशाचे तरी माप आहे. स्वतःच्या कामासाठी तो उभा नाही.

५

दुसरा एक प्रकार आपल्याकडे अलीकडे फार वाढला आहे. त्याला मी निरोपाचे छायाचित्र म्हणतो. मुंबईची ट्राम १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली. तेव्हा ट्राम पाहायला गर्दी होती, पण कॅमेरे मोजके होते. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस शेवटची धावली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. त्या दिवसांत निघालेल्या छायाचित्रांना गणती नाही. काही माझीही आहेत.

ती पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकली. माझ्याकडे पद्मिनीचे बॉनेट आहे, मीटर आहे, छताला लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन आहे. चालकाचा हात फक्त एका चित्रात आहे, तोही स्टिअरिंग सुंदर दिसते म्हणून. दिवसाचे दहा-बारा तास ती गाडी चालवणाऱ्याला मे महिन्यात काय होत असेल, हे माझ्या एकाही चित्रात नाही. निरोपाच्या छायाचित्रात वाहनाचे सुतक असते. त्या वाहनाने ज्याचे गुडघे दुखले त्याला कदाचित सुटका वाटत असेल, ही शक्यता त्यात मावत नाही. जे वाहन रोज दिसत होते त्याचे रोजचे चित्र आपण काढले नाही. ते जाणार म्हटल्यावर धावलो. म्हणजे इथेही आपल्याला वाहन नको होते, त्याचे ‘जुने होणे’ हवे होते.

६

इथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक आक्षेप आला असेल. बैलगाडीला काल म्हणू नये, हे ठीक. पण मग काहीच कालबाह्य नसते का? जे आहे ते समकालीन म्हणून सगळेच चालू द्यायचे का?

हा आक्षेप मला माथेरानला नेतो. माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे. नेरळहून छोटी गाडी १९०७ पासून येते. आणि तांबड्या मातीच्या रस्त्यांवर माणसांनी ओढायच्या हातरिक्षा. माझ्याकडे या रिक्षांची चाळीसएक छायाचित्रे आहेत. झाडांतून येणारे ऊन, लाल धूळ, चढावर पुढे झुकलेला माणूस आणि मागून ढकलणारा दुसरा. त्यातले एक मी मोठे करून बैठकीत लावले होते. मागे छोटी गाडी दिसते, पुढे रिक्षा. अर्थातच ‘जुने आणि नवे’.

आता इतिहास पाहा. माणसाने ओढायची रिक्षा जपानमध्ये निघाली ती १८६९ च्या सुमारास. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे रिक्षा हे वाहन आपल्या आगगाडीपेक्षा धाकटे आहे. मी ज्याला प्राचीन समजून भिंतीवर टांगले होते ते आधुनिक जगाचेच अपत्य होते: वाढती शहरे, थंड हवेची ठिकाणे, आणि कमी पैशांत ओढायला तयार असलेली माणसे यांतून वाढलेले. माझ्या चित्रातले ‘नवे’ हे ‘जुन्या’पेक्षा वयाने थोरले होते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानातल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्याचा आदेश दिला. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. या आदेशाचा आधार रिक्षाचे वय नव्हता, माणसाची प्रतिष्ठा होता. माणसाने माणसाला ओढावे लागणे हे घटनेने दिलेल्या हमीशी विसंगत आहे, असा त्याचा रोख होता. रिक्षा उद्या सकाळी निघालेली असती, तरीही ती तितकीच चुकीची ठरली असती.

माझ्या आक्षेपाला उत्तर यातच मिळाले. एखादे वाहन थांबावे की नाही, हे ते किती जुने आहे यावर ठरवायचे नसते. कोण ओढतो, कोण बसतो, कोणाला किती मिळते आणि त्याला नको म्हणायची सोय आहे का, यावर ठरवायचे असते. उसाची बैलगाडीही या कसोटीतून सुटत नाही. बैलांच्या मानेवरचा भार, उचलीचा फास, पहाटे तीनची थंडी, हे प्रश्न तिथेही आहेत. पण ते आजचे प्रश्न आहेत, आणि जुन्या-नव्याची चौकट नेमके तेच दडवते. तिच्या लेखी बैलगाडी ही काळाच्या ओघात आपोआप जाणारी वस्तू असते. कोणी काही करायची गरज नाही, फक्त जाण्याआधी फोटो काढून ठेवावा. माथेरानच्या रिक्षा काळाच्या ओघात गेल्या नाहीत. त्यासाठी माणसांना न्यायालयात जावे लागले.

७

शेवटी एका अशा छायाचित्राविषयी, जे माझे नाही.

माझे आजोबा मिरजेत टांगा चालवत. स्टेशन ते दवाखाना, स्टेशन ते बाजार. टांग्यावर बसलेले त्यांचे एकही छायाचित्र घरात नाही. मला याची फार हळहळ वाटायची. घरात त्यांचे एकच छायाचित्र आहे, उरुसात आलेल्या फिरत्या स्टुडिओतले. त्यात आजोबा विमानात बसले आहेत. विमान पुठ्ठ्याचे, रंगवलेले, पंखा बोटभर वाकडा. मागे पडद्यावर ढग. आजोबांनी फेटा बांधलेला आहे आणि दोन्ही हात विमानाच्या कडेवर असे ठेवले आहेत, जसे लगाम धरताना ठेवत असावेत.

लहानपणी आम्ही नातवंडे या फोटोला हसायचो. ख्रिस्तोफर पिनी यांचे ‘कॅमेरा इंडिका’ हे १९९७ चे पुस्तक वाचल्यावर हसणे थांबले. मध्य प्रदेशातल्या नागद्यासारख्या गावातल्या स्टुडिओंचा पिनी यांनी अभ्यास केला. लोक तिथे आपण जसे आहोत त्याची नोंद करायला जात नसत. आपण आणखी काय असू शकतो ते पाहायला जात. मोटारसायकल, पडदा, पोशाख ही त्यासाठीची साधने. माझ्या आजोबांना टांग्यावरचा फोटो काढून घेता आला असता, टांगा दारातच होता. त्यांनी विमान निवडले. माझ्यासारखा कोणी छायाचित्रकार त्या काळी मिरजेत आला असता तर त्याने त्यांना टांग्यावर बसवून, मागे आगगाडी घेऊन, ‘काल’ करून टाकले असते. स्टुडिओवाल्याने त्यांना पाच मिनिटे का होईना, त्यांना हवे तिथे बसवले.

मी असे म्हणत नाही, की जुनी आणि नवी वाहने एका चौकटीत टिपू नयेत. रस्त्यावर ती एकत्रच असतात, न टिपणे हे उलट खोटे ठरेल. पण अशा चित्राकडे पाहताना मी आता तीन गोष्टी विचारतो. वाहन इथे का आहे, याचे कारण चित्रात किंवा निदान ओळीत आले आहे का? छायाचित्रकार कशात बसून आला, हे कळते का? आणि त्या वाहनावरच्या माणसाने हे चित्र पाहिले, तर त्याला त्यात आपला आजचा दिवस सापडेल का? अ‍ॅपलच्या चित्राला पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि ते वाचले. रघुवीर सिंग दुसऱ्याला सामोरे जातात. तिसऱ्या प्रश्नात माझे बक्षीसपात्र चित्र नापास झाले, आणि नापास करणारा परीक्षक कोपीसमोर उभा होता.

माथेरानचे चित्र मी भिंतीवरून उतरवले आहे. तिथे आता आजोबांचे विमान आहे. मिरजेच्या छायाचित्राची नवी प्रत काढली, तेव्हा शीर्षक खोडून खाली इतकेच लिहिले: ‘ऊसवाहतूक, मिरजेजवळ, जानेवारी २०१९. गाडी कारखान्याची, बैल गाडीवानाचे. निघण्याची वेळ पहाटे तीन.’ वरच्या ट्रेलरविषयीही लिहायचे होते. त्याच्या चालकाला विचारायला मी थांबलो नव्हतो, म्हणून ती जागा कोरी आहे.